गोणपाटावरची शिवण आणि कार्डिनलचं छप्पर : चिली, चर्च आणि बेपत्ता माणसं

सांतियागो_रिटर्न
(सोमवार, रात्री ११.२०)

कामानिमित्त तीन वर्षं सांतियागोत काढून गेल्या वर्षी पुण्याला परतलो. तिकडचे द्राक्षमळे, अँडीज, भूकंप यावर लिहीन असं इथे दोनतीनदा कबूल करून बसलोय, ते राहूनच गेलं. आज वेगळंच लिहितोय. मागच्या आठवड्यात 'धर्म आणि मानवी हक्क' धाग्यावर जी हाणामारी झाली (मीही हात धुऊन घेतले), तिच्यात एक वाक्य सारखं येत होतं : धर्मसंस्था शेवटी सत्तेच्याच मांडीवर जाऊन बसते. मला ते तेव्हा खोडता आलं नाही, कारण बऱ्याचदा ते खरंच असतं. पण जिथे तसं झालं नाही अशा एका जागेवरून मी तीन वर्षं रोज चालत गेलोय.

सांतियागोचा जुना चौक म्हणजे प्लासा दे आर्मास. एका अंगाला कॅथेड्रल, समोर झाडं, झाडांखाली बुद्धिबळाचे डाव मांडून बसलेले म्हातारे. कॅथेड्रलला खेटून एक इमारत आहे, क्रमांक ४४४. १९७६ ते १९९२ या काळात तिथे 'विकारिया दे ला सोलिदारिदाद'चं कार्यालय होतं. विकार म्हणजे बिशपच्या वतीने कारभार पाहणारा धर्मगुरू, आणि त्याचं खातं ते विकारिया. हे खातं होतं एकजुटीचं. (आपल्याकडे विकार म्हणजे भलतंच काही. पहिले काही दिवस मला हसू आवरायचं नाही.)

पार्श्वभूमी थोडक्यात. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं सरकार उलथवलं आणि लष्करप्रमुख पिनोचे सत्तेवर आला. माणसं घरातून, शेतातून, कारखान्यातून उचलली जाऊ लागली. बायका पोलीस ठाण्यात जात, तिथून बराकीत, तिथून स्टेडियमवर, तिथून शवागारात. सगळीकडे एकच उत्तर : असा कोणी इथे नाही. ऑक्टोबरातच कॅथलिक, लूथरन, मेथडिस्ट आणि ज्यू समाजाची मंडळी एकत्र आली आणि त्यांनी एक समिती काढली. कॅथलिक बिशप आरिस्तिया आणि लूथरन बिशप हेल्मुट फ्रेन्झ हे दोघे मिळून तिचे प्रमुख. फ्रेन्झ मूळचे जर्मन. १९७५ मध्ये ते देशाबाहेर गेलेले असताना सरकारने त्यांना परत येऊ दिलं नाही. मग पिनोचेने सांतियागोचे आर्चबिशप, कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांच्याकडे समिती बंद करण्याची मागणीच केली.

कार्डिनलनी ती मान्य केली. १९७५ संपता संपता समिती बंद झाली, आणि १ जानेवारी १९७६ ला विकारिया सुरू झाली. काम तेच, माणसंही बरीचशी तीच. फरक एवढाच की समिती बरखास्त करता येते, पण हे आता आर्चबिशपच्या कारभारातलंच एक खातं होतं. त्याला हात लावायचा तर थेट चर्चशी आणि रोमशी गाठ. आणि पिनोचे तर स्वतःला ख्रिस्ती संस्कृतीचा रखवालदार म्हणवायचा. रखवालदाराने देवळाचंच दार कसं फोडायचं? मला ही खेळी फार आवडते. कार्डिनल शेतकरी घरातला होता. बांधावरची भांडणं पाहिलेली असणार.

आत काय चालायचं? आलेल्या बाईला आधी बसायला खुर्ची. मग एक समाजसेविका सगळं लिहून घ्यायची. नाव, वय, कुठून नेलं, किती वाजता, गाडी कुठली, अंगावर काय कपडे होते, शेजारच्या कोणी पाहिलं. दुसऱ्या टेबलावर वकील. शिवाय वस्त्यांमधून सामुदायिक स्वयंपाकघरं, कारण घरातला कमावता गेलेला आणि उरलेल्यांना कोणी कामावर घेत नाही. माणसागणिक एक फाइल. सोळा वर्षं हे असं लिहीत राहिले.

आणि याच छपराखाली शिवणकाम. 'आर्पिय्येरा' म्हणजे आपलं साधं गोणपाट, तरट. त्यावर चिंध्या शिवून चित्रं करायची. बेपत्ता झालेल्यांच्या बायका, आया, बहिणी ती करायच्या. वर अँडीज, एका कोपऱ्यात सूर्य, खाली रांगेने बाहुलीएवढ्या बायका आणि त्यांच्या हातात फलक : ते कुठे आहेत? कधी कधी त्या बाहुलीचा सदरा त्याच माणसाच्या सदऱ्यातून कापलेला असायचा. विकारिया ही चित्रं परदेशी धाडून विकायची आणि पैसे त्या बायकांना द्यायची. तिथल्या स्मृती संग्रहालयात त्यातली काही आहेत. मी एक छोटी जत्रेत एका आजींकडून घेतली. ती नव्या काळातली आहे, पण आजी म्हणाल्या, शिकले मी तेव्हाच. सध्या आमच्या बैठकीत काचेच्या चौकटीत आहे. आमच्या आईने पाहिली आणि म्हणाली, "ही वाकळ भिंतीवर का टांगलीस?"

गोधडीवाली_मीरा

आईंना नमस्कार सांगा, त्यांचं बरोबर आहे. आमच्या कडे (जि. सातारा) आजोबा गेल्यावर आजीने त्यांच्या धोतराची आणि दोन सदऱ्यांची वाकळ शिवली होती. वरचा थर नवा, आतला थर त्यांचा. बाहेरच्याला कळायचं नाही.

एक विचारू? मी प्रदर्शनाच्या एका लेखात वाचलं होतं की या आर्पिय्येरांना मागच्या बाजूला छोटा खिसा असायचा आणि त्यात शिवणारणीची चिठ्ठी. तुमच्या चित्राला आहे का?

सांतियागो_रिटर्न

हो, जुन्यांना असायचा. माझी आणल्या आणल्या चौकटीत गेली. मागे पुठ्ठा आणि खिळे. पाहिलंच नाही हो मी! रविवारी उघडतो.

चार्वाकाचा_नातू

लेख चांगलाय, पण रंग एकच दिलाय. चिलीची शेजारीण अर्जेंटिना. तोच काळ, तोच धर्म, तेच लॅटिन. तिथे १९७६ ला लष्कर आलं तेव्हा बहुतेक बिशपांनी काय केलं? गप्प बसले. काहींनी तर सेनापतींच्या पंगतीला बसून आशीर्वाद दिले. ख्रिस्तियान फॉन वेर्निच नावाचा पोलिसांचा पाद्री छळकोठड्यांमध्ये जायचा. २००७ मध्ये त्याला जन्मठेप झाली, खून, छळ आणि अपहरणांतल्या सहभागाबद्दल. कैद्याने पाद्र्याला बघून जीव मोकळा करावा आणि पाद्र्याने ते ऐकून पोलिसांना साथ द्यावी. मग सांगा, 'धर्माने वाचवलं' म्हणायचं की 'एका कार्डिनलने वाचवलं'?

पंढरीची_वाट

@चार्वाकाचा_नातू, मुद्दा मान्य, पण अर्जेंटिनाचंही अर्धंच सांगताय. ला रियोहाचे बिशप आंखेलेली खेड्यातल्या शेतमजुरांच्या बाजूने होते. मारल्या गेलेल्या दोन धर्मगुरूंची माहिती गोळा करून परतत असताना ४ ऑगस्ट १९७६ ला त्यांची गाडी उलटली. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. तो अपघात नव्हता, खून होता, हे कोर्टात सिद्ध व्हायला २०१४ उजाडलं. दोन फ्रेंच जोगिणी (नन), ॲलिस दोमों आणि लेओनी द्युके, बेपत्तांच्या आयांना मदत करायच्या, त्यांनाच डिसेंबर १९७७ मध्ये उचललं. आयांच्या बैठका सांता क्रूझ चर्चमध्ये व्हायच्या आणि नौदलाचा एक अधिकारी बेपत्ताचा भाऊ असल्याचं सोंग आणून त्यात येऊन बसायचा. द्युके बाईंचे अवशेष सापडून ओळख पटली ती २००५ मध्ये.

आणि माझ्या नावाला जागून एक सांगते. 'प्लासा दे मायो' चौकात जमणाऱ्या त्याच आयांचा डोक्यावरचा पांढरा रुमाल सगळ्या जगाला माहीत आहे. तो पहिल्यांदा बांधला गेला लुहानच्या वारीत. लुहान म्हणजे तिथली मोठी देवी म्हणा, लाखो लोक पायी जातात. १९७७ च्या वारीत एवढ्या गर्दीत एकमेकींना ओळखायचं कसं, तर बाळाचं लंगोट डोक्याला बांधायचं. जुनी लंगोटं कुठल्या आईने जपून ठेवलेली नसतात! आपल्या दिंडीत चुकामूक होऊ नये म्हणून पताका बघत चालतात, तसंच.

चार्वाकाचा_नातू

लंगोटाचं माहीत नव्हतं. धन्यवाद. पण मग वीरांगना त्या आया झाल्या, बिशप नव्हे.

पंढरीची_वाट

वारीत माळ घातलेला तोच वारकरी, गादीवरचा महंत नव्हे, असं आमच्या घरात म्हणतात. घ्या.

काळा_कोट

वकिलीच्या अंगाने थोडं. विकारियाचे वकील जो अर्ज करायचे त्याला तिथे 'आम्पारो' म्हणतात. आपल्या हेबियस कॉर्पसचाच भाऊ. माणसाला कोर्टासमोर हजर करा. कायद्याने ताबडतोब निकाल द्यायचा. प्रत्यक्षात कोर्ट गृहखात्याला विचारायचं, गृहखातं कळवायचं 'सदर इसम अटकेत नाही', कोर्ट लिहायचं 'अर्ज फेटाळला'. असे हजारो अर्ज गेले, मंजूर झालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मग माझ्यासारखा कोणीही विचारेल, हरणारच आहे हे माहीत असताना रोज सकाळी कोर्टात जायचं कशाला? मी दिवाणी कोर्टात तेवीस वर्षं काढलीत, म्हणून सांगतो. अर्ज दाखल झाला की त्याला नंबर पडतो. तारखेचा शिक्का बसतो. साक्षीदाराचं नाव चढतं. गृहखात्याला सहीनिशी उत्तर द्यावं लागतं, मग ते खोटं का असेना. खोटं तोंडी बोललं तर वाऱ्यावर जातं, शिक्क्यासकट बोललं तर पुढे तेच पुरावा होतं. १९९० मध्ये लोकशाही आल्यावर मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्यांच्या चौकशीसाठी रेटिग आयोग बसला तेव्हा त्याच्यासमोर या फायली तयार होत्या. १९९१ च्या अहवालात २,२७९ बळींची नोंद आहे. एवढ्या कमी वेळात एवढं काम नुसत्या आठवणींवर होत नसतं.

आता आपल्या घरचं. विकारिया सुरू झाली त्याच वर्षी, २८ एप्रिल १९७६ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्धाला हेबियस कॉर्पस मागताच येणार नाही. मुंबईसकट नऊ उच्च न्यायालयांनी उलट मत दिलेलं होतं. एकटे न्या. खन्ना विरोधात गेले आणि पुढच्या जानेवारीत त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. म्हणजे चिलीत प्रश्न विचारता यायचा, उत्तर मिळायचं नाही. आपल्याकडे तेवढे महिने प्रश्नच विचारता येत नव्हता. त्यामुळे 'तिकडचे लष्करशहा' म्हणून नाक मुरडताना जरा जपून.

सांतियागो_रिटर्न

@काळा_कोट, क्या बात है. शिक्क्याचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. याला जोडून लोंकेनचं सांगायला हवं.

लोंकेन सांतियागोजवळचं खेडं. तिथे चुन्याच्या जुन्या पडक्या भट्ट्या होत्या. १९७८ हे वर्ष तिथल्या चर्चने मानवी हक्कांचं वर्ष म्हणून पाळलं होतं, मोठी आंतरराष्ट्रीय परिषदही भरवली होती. त्याच सुमारास एक म्हातारा धर्मगुरूंकडे आला. तो बरीच वर्षं आपल्या मुलाला शोधत हिंडत होता आणि हिंडता हिंडता त्याला भट्टीत माणसांची हाडं दिसली होती. पोलिसांत जायची सोय नव्हती. विकारियाने काय केलं ते बघा. एक बिशप, विकार, वकील, आणि दोन नामांकित नियतकालिकांचे पत्रकार अशी मंडळी बरोबर घेऊन ते ३० नोव्हेंबर १९७८ ला तिथे गेले. म्हणजे नंतर कोणी 'असं काही नव्हतंच' म्हणायला नको. स्वतः पाहिलं, मग सर्वोच्च न्यायालयाला कळवलं.

पंधरा माणसं होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्ला दे माइपो गावातून नेलेली. एक बाप आणि त्याची चार मुलं. तीन सख्खे भाऊ. आणखी एक बाप आणि दोन मुलं. चार तरुण पोरं. सरकारने तोवर दडपून सांगितलं होतं की बेपत्ता वगैरे कोणी नाही, लोक परदेशी पळालेत किंवा मुळात अस्तित्वातच नव्हते. लोंकेननंतर ते बोलणं बंद पडलं. पुढच्या सप्टेंबरात कोर्टाने अवशेष घरच्यांना द्यायचे ठरवलं. घरचे चर्चमध्ये वाट बघत बसले, मिस्साची (प्रार्थनाविधीची) तयारी झालेली. अवशेष आलेच नाहीत. परस्पर गावच्या सामायिक खड्ड्यात टाकून मोकळे झाले. १९८० मध्ये भट्ट्या सुरुंग लावून उडवल्या.

मी तिथे गेलोय. आता काही नाही. ऊन, सुकं गवत, एक क्रूस आणि रस्त्यावर कुत्री.

सनातन_सत्य७

छान. मिशनऱ्यांची आरती चालू द्या. लॅटिन अमेरिकेत हा धर्म पोचला कसा, तलवारीच्या टोकावर ना? त्यावर एक ओळ नाही. आणि मराठी संस्थळावर चिलीच्या कार्डिनलचं काय काम?

वसईची_वाडी

@सनातन_सत्य७, मराठी संस्थळावर आम्ही पण आहोत की हो. आमच्या वाडीत केळी आणि पानवेली, आणि मिस्सा मराठीतच होते. तलवारीचं म्हणाल तर वसईच्या किल्ल्यासमोर राहणाऱ्याला पोर्तुगीज कोण होते ते शिकवू नका, आमच्या पूर्वजांनी सोसलंय.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथल्या बऱ्याच जणांना धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत. आम्हाला ते हरित वसईचे फादर म्हणून माहीत. जमिनी, विहिरी आणि बिल्डर यांच्या भांडणात धर्मगुरूने पडावं का, यावर आमच्या घरात जेवणाच्या ताटावर भांडणं झालीत. आजोबा म्हणायचे, फादरने प्रार्थना करावी. वडील म्हणायचे, विहीर खारी झाली तर बाप्तिस्म्याला पाणी कुठून आणणार? त्या मोर्चांना ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, कारण विहीर सगळ्यांची.

माझ्या वडिलांच्या पाकिटात एल साल्वादोरच्या रोमेरोंचा फोटो असायचा. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते आर्चबिशप झाले तेव्हा श्रीमंतांना हायसं वाटलं होतं, हा पुस्तकी, मवाळ माणूस. तीन आठवड्यांनी त्यांचा मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांना गोळ्या घातल्या, बरोबर एक म्हातारा आणि एक पोरगा. त्यानंतर रोमेरो बदलले. दर रविवारी त्यांचं प्रवचन धर्मप्रांताच्या रेडिओवरून लागायचं आणि त्यात ते त्या आठवड्यात मारलेल्यांची, उचललेल्यांची नावं वाचायचे. गाव, तारीख, नाव. ती यादी आकाशातून पडत नव्हती, चर्चच्या विधी-साहाय्य कार्यालयातले तरुण वकील आठवडाभर ती जुळवायचे. वृत्तपत्रांत जे छापून येत नव्हतं ते लोक ट्रान्झिस्टरवर ऐकत. रेडिओ केंद्रावर बाँब पडले. २३ मार्च १९८० ला त्यांनी सैनिकांनाच सांगितलं की आपल्याच भावांना मारायचा हुकूम पाळू नका, दडपशाही थांबवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्सा चालू असताना गोळी घातली.

सनातन_सत्य७

विहिरीचा मुद्दा वेगळा आहे. बाकी तुमचं चालू द्या.

नागसेनवन

मी बराच वेळ नुसता वाचत होतो. हे 'छप्पर' प्रकरण माझ्या गळ्याखाली सहज उतरत नाही. आमच्या आज्याने देवळाचं छप्पर बाहेरूनच पाहिलं. १९३० मध्ये काळारामाच्या दारात सत्याग्रह करावा लागला आणि तरी दार उघडलं नाही. म्हणून १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी छप्परच बदललं. आमच्यासाठी तोच धर्माधिष्ठित मानवी हक्कांचा सगळ्यात मोठा लढा आहे, आणि तो कुठल्या मोठ्या संस्थेच्या आश्रयाने झाला नाही. (योगायोग म्हणजे रोमेरोंना संतपद दिलं तीही १४ ऑक्टोबरच, २०१८ ची. आत्ता बघितलं.)

माझा प्रश्न असा. लॅटिन अमेरिकेत मूळनिवासी लोक आहेत. त्यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे. त्यांचं काय झालं? की त्यांनीही कार्डिनलच्या भाषेतच रडायचं?

सांतियागो_रिटर्न

योग्य जागी बोट ठेवलंत. चिलीपुरतं मला नीट उत्तर देता येणार नाही. ग्वातेमालाचं येतं.

तिथे छत्तीस वर्षं यादवी, आणि मेलेले बहुसंख्य माया लोक. बिशप हुआन खेरार्दी यांनी चर्चतर्फे साक्षी गोळा करायचं मोठं काम काढलं. साक्षी घेणारे शहरातून आलेले बाबू नव्हते, माया गावांमधलीच माणसं तयार केली. ती मैलोन्‌मैल चालत जायची आणि ज्याच्या त्याच्या भाषेत, किचे, माम, केक्ची, ऐकून घ्यायची. निम्म्याहून अधिक साक्षी माया भाषांतून आल्या. चार खंडांचा अहवाल २४ एप्रिल १९९८ ला कॅथेड्रलमध्ये सादर झाला. पन्नास हजारांहून अधिक बळींची नोंद, आणि बहुतांश अत्याचारांची जबाबदारी लष्करावर. दोन दिवसांनी, २६ एप्रिलच्या रात्री, खेरार्दींचं डोकं त्यांच्याच घराच्या गॅरेजमध्ये ठेचलं. २००१ मध्ये तीन लष्करी माणसांना शिक्षा झाली, आणि त्यांच्याबरोबर एका धर्मगुरूलाही. कॅथेड्रलसमोरच्या खांबांवर आता बळींची नावं कोरलेली आहेत.

आणि मेक्सिकोत चियापासचे बिशप सामुएल रुईस. १९७४ मध्ये मूळनिवासींची पहिली परिषद त्यांनी भरवली तेव्हा कारभार चार भाषांतून चालला, त्सेल्ताल, त्सोत्सिल, तोहोलाबाल आणि चोल. पुढे १९८९ मध्ये त्यांनी मानवी हक्क केंद्र काढलं, ते आजही चालू आहे. रुईस बिशप झाले तेव्हा मूळनिवासींना सुधारायला निघाले होते. वर्षं गेली आणि त्या लोकांनी त्यांनाच सुधारलं, असं तिकडचे लोक हसत सांगतात.

नागसेनवन

शेवटचं वाक्य पटलं. आमच्याकडे उलटं व्हायचं राहिलंय.

चार्वाकाचा_नातू

ग्वातेमाला काढलंतच तर पूर्ण काढा. १९८२-८३ मध्ये माया गावं सगळ्यात जास्त जाळली गेली तेव्हा गादीवर होता रिओस मोंत. तो नव्या धाटणीच्या एका पेंटेकॉस्टल चर्चचा माणूस, रविवारी टीव्हीवर नीतीचे धडे द्यायचा. २०१३ मध्ये त्याला वंशसंहाराबद्दल ८० वर्षांची शिक्षा झाली आणि दहाच दिवसांत ती रद्दही झाली. त्याच्याकडेही श्रद्धा होतीच की.

आणि तुमच्या विकारियाचा पहिला विकार, क्रिस्तियान प्रेक्त. लोंकेनला जो गेला तोच. २०१८ मध्ये पोपनी त्याला धर्मगुरूपदावरून काढून टाकलं, लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात. हे लेखात का नाही?

सांतियागो_रिटर्न

नाही आलं कारण मी टाळलं. खोटं कशाला बोलू. लोंकेनबद्दल लिहिताना म्हणूनच 'विकार' एवढंच लिहून पुढे गेलो. पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस चौकातून जाताना त्या इमारतीकडे बघवलं नाही. ज्या बायकांना त्याने खुर्ची दिली त्यांचं खरं, आणि ज्या मुलांना त्रास झाला त्यांचंही तितकंच खरं. एकाने दुसरं धुऊन निघत नाही. पण फायली त्याच्या नव्हत्या. त्या लिहिणाऱ्या समाजसेविकांची नावं आपल्याला माहीत नाहीत आणि काम त्यांचं आहे.

तिथलाच होसे मानुएल पारादा विकारियाच्या कागदपत्रांचं काम बघायचा. मार्च १९८५ मध्ये सकाळी शाळेच्या दारातून त्याला आणि त्याच्या एका शिक्षक मित्राला उचललं. दुसऱ्या दिवशी आणखी एकासह तिघांचे गळे चिरलेले सापडले. त्या प्रकरणात पोलीस दलाच्या प्रमुखाला, जो लष्करी मंडळाचा सदस्य होता, राजीनामा द्यावा लागला. कागद सांभाळणाऱ्या माणसाचा गळा चिरतात म्हणजे कागदांची भीती किती असेल. पुढे सरकारी वकिलाने जखमींची वैद्यकीय कार्डं मागितली तेव्हा बिशप सर्हिओ वालेच यांनी सरळ नाही म्हटलं. तुरुंगात टाकायचं तर मला टाका. हेच वालेच नंतर छळाच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष झाले.

संपादक_मंडळ

धागा चांगला चालू आहे. व्यक्तिगत शेरेबाजी टाळावी. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

साओपावलोची_वहिनी

उशिरा आले, पण ब्राझीलवाचून हा धागा कसा संपू देऊ! नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ वर्षं साओ पावलोत होते.

ऑक्टोबर १९७५ मध्ये व्लादिमिर हेर्झोग नावाच्या पत्रकाराला लष्कराने चौकशीला बोलावलं. तो आपल्या पायाने गेला. त्याच दिवशी मेला. आत्महत्या केली म्हणून फोटोसकट जाहीर केलं. हेर्झोग ज्यू. ज्यूंमध्ये आत्महत्या केलेल्याला दफनभूमीत भिंतीकडेला वेगळं पुरतात. तरुण रब्बाय हेन्री सोबेल यांनी त्याला मधोमध, सगळ्यांबरोबर पुरलं. एक शब्द न बोलता सरकारला खोटं पाडलं. आठवड्याभरात कॅथेड्रलमध्ये सर्वधर्मीय प्रार्थना झाली, कार्डिनल आर्न्स, रब्बाय सोबेल आणि प्रेस्बिटेरियन पाळक जाइमी राईट, तिघे एका वेदीवर. हजारो लोक आले, पोलिसांनी रस्ते अडवले तरी. राईट यांचा सख्खा भाऊ तेव्हा दोन वर्षं बेपत्ता होता.

आणि मग झेरॉक्सची गोष्ट. काळा_कोट, ही खास तुमच्यासाठी. ब्राझीलच्या लष्करी कोर्टांमध्ये आरोपी न्यायाधीशासमोर सांगायचे की माझा असा असा छळ झाला, आणि कारकून इमानेइतबारे ते लिहून घ्यायचा. सगळं ब्राझिलियातल्या वरच्या लष्करी कोर्टाच्या दप्तरात पडून होतं. वकिलाला फाइल चोवीस तासांसाठी घरी नेता यायची. आर्न्स आणि राईट यांच्या आशीर्वादाने वकिलांनी १९७९ पासून एक एक फाइल न्यायची, झेरॉक्स मारायची, दुसऱ्या दिवशी परत. कोणाला पत्ता नाही. पैसे जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेकडून. सातशेच्या वर खटले, दहा लाखांहून जास्त पानं. मायक्रोफिल्म देशाबाहेर पाठवल्या, न जाणो. १९८५ च्या जुलैत 'ब्राझील : नुन्का माइस' (पुन्हा कधीच नाही) हे पुस्तक दुकानात आलं तेव्हाच सगळ्यांना कळलं. म्हणजे छळ करणाऱ्यांनीच, त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच शिक्क्याने लिहून ठेवलेलं.

आमच्या शेजारच्या आजी सांगायच्या, आर्न्सनी आधीच कार्डिनलचा वाडा विकून टाकला होता आणि त्या पैशांतून गरीब वस्त्यांत सभागृहं बांधली. आजी कम्युनिस्ट होत्या, चर्चला जायच्या नाहीत. पण आर्न्सचा फोटो फ्रिजवर होता.

काळा_कोट

वहिनी, दप्तरातून फाइल काढून परत वेळेत ठेवणं किती कठीण असतं हे मी जाणतो. आमच्याकडे तर दप्तरातली फाइल सापडली तरी पेढे वाटतात.

गोधडीवाली_मीरा

रविवार झाला. चौकट?

सांतियागो_रिटर्न
(रविवार, दुपारी ४.०५)

उघडली. पक्कड लागली, एक खिळा वाकला. आई शेजारी बसून सूचना देत होती.

मागे खिसा आहे! दोन बोटं जेमतेम जातील एवढा, निळ्या छापील कापडाचा, कडेला घोंगडीटाका घातलेला. आत चारपदरी घडी घातलेला वहीचा कागद. हात थरथरत होता, आता काय वाचायला मिळतंय. पेन्सिलीने दोन ओळी आणि खाली सही म्हणून नुसतं पहिलं नाव.

लिहिलंय : गार पाण्याने हाताने धुवावे. पिळू नये.

आईला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "बरोबरच आहे की. धुतलीस का मग?"

गोधडीवाली_मीरा

आणि सावलीत वाळत घाला. उन्हात लाल रंग पहिला जातो.